दुसरी सही

आमच्या गावाचं फिनलंडमधल्या एका गावाशी असलेलं नातं तोडायला मला पाठवलं होतं. भांडून नाही, गोड बोलून. पर्समध्ये पत्र होतं, पत्रावर अध्यक्षांची सही होती आणि तिच्या शेजारी माझ्या सहीसाठी एक रिकामी रेघ होती. ती रेघ भरली की चाळीस वर्षांचं प्रकरण मिटणार होतं.

नातं कसलं, ते आधी सांगते. आमचं गाव हॅम्पशरमध्ये, बेसिंगस्टोकपासून गाडीने वीस मिनिटांवर. गावात शिरताना रस्त्याच्या कडेला पाटी आहे. वर गावाचं नाव, खाली गाडी सावकाश चालवण्याची विनंती आणि त्याखाली बारीक अक्षरांत फिनलंडमधल्या एका गावाचं नाव, जुळं गाव म्हणून. इकडे ही पद्धत आहे. दुसऱ्या देशातलं आपल्याच मापाचं एखादं गाव शोधायचं, नातं जोडायचं, वर्षाआड एकमेकांकडे चार माणसं पाठवायची, फोटो काढायचे. व्याह्यांसारखंच, फक्त मानपान नाही आणि रुसवेफुगवेही नाहीत. हे सगळं बघायला गावात एक संघ असतो. त्याची मी अकरा वर्षं सेक्रेटरी होते.

सेक्रेटरी झाले तेही चुकून. आमचा कचऱ्याचा डबा तीन आठवडे उचलला नव्हता म्हणून तणतणत मी व्हिलेज हॉलमध्ये गेले आणि भलत्याच खोलीत शिरले. आत सहा माणसं चहा पीत बसली होती. बाहेर धो धो पाऊस होता, त्यांनी मला बिस्किट दिलं, मी बसले. माझ्या हातात पेन होतं. तक्रार लिहून द्यायला आणलेलं पेन. मिनिट्स, म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, कोण लिहिणार असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्या पेनाकडे पाहिलं. तेव्हापासून मी लिहितेय.

नागपूरहून लग्न करून मी साउथहॅम्प्टनला आले. हे तिथल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. पुढे मुलांच्या शाळेसाठी या गावात घर घेतलं. मी इथल्या सर्जरीच्या, म्हणजे गावच्या दवाखान्याच्या, रिसेप्शनवर वीस वर्षं काम केलं. निम्म्या गावाच्या गुडघ्यांची हकिकत मला तोंडपाठ आहे. तरी पोस्टाच्या रांगेत अजून कुणीतरी हसून विचारतंच, आणि तुम्ही मुळात कुठल्या? मी म्हणते, चर्चच्या मागच्या गल्लीतली. मग ते म्हणतात, नाही, म्हणजे खरं तर कुठल्या? एकतीस वर्षांत या प्रश्नाची मला सवय झाली, असं मी लोकांना सांगते. झालेली नाही.

संघाची अवस्था हळूहळू वाईट झाली. दोघं वारले, एकजण मुलीजवळ राहायला गेली, देश युरोपातून बाहेर पडल्यावर उरलेल्यांचा उत्साह मावळला. आम्ही तिघं राहिलो: अध्यक्ष, मी आणि एक गृहस्थ, ज्यांना ऐकू येत नसे. अध्यक्ष निवृत्त सर्व्हेअर. माणूस वाईट नाही, पण कुठलंही अवघड काम दुसऱ्याने करावं आणि ते छान झालं असं आपण म्हणावं, ही त्यांची हातोटी. त्यांनी ठरवलं की संघ बरखास्त करायचा. संघ गेला की वसंतात गावच्या पाट्या बदलतील तेव्हा खालची ओळही जाईल, असं काउन्सिलने कळवलेलं होतं. संघ असेपर्यंत ओळ राहणार.

आमच्या नियमावलीत कुणा शहाण्याने फार पूर्वी लिहून ठेवलं होतं की संघ मोडायचा तर पत्रावर अध्यक्ष आणि सेक्रेटरी दोघांच्याही सह्या हव्यात, आणि ते पत्र जुळ्या गावाच्या हातात समक्ष द्यायला हवं. अध्यक्षांचे गुडघे दुखत होते. ते मला म्हणाले, "तुमच्याकडून ऐकलं तर त्यांना कमी लागेल. तुम्हा लोकांना हे छान जमतं, किती वॉर्म असता तुम्ही. सही तिथेच करा, त्यांच्या समोर. बरं दिसेल."

मी मान डोलावली. माझा राग नेहमी कार पार्कमध्ये येतो. माणसासमोर मी "हो, हो" म्हणते, आणि गाडीत बसून काच वर केली की मग मला उत्तर सुचतं. त्या दिवशी गाडीत बसून मी मोठ्याने म्हटलं की दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची हौस तुमची, खांदा माझा. पण म्हटलं ते स्टिअरिंग व्हीलला. घरी येऊन तिकिटं काढली.

हेलसिंकीहून तीन तास ट्रेन, मग बस. बसमध्ये मी, ड्रायव्हर आणि एक म्हातारा कुत्रा, जो मधल्या एका थांब्यावर मालकासकट उतरला. दोन्ही बाजूंना जंगल, मग तळं, मग जंगल, मग पुन्हा तळं. मध्येच एखादं शेत, कापलेल्या गवताच्या पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेल्या गोल गाठी, लाल रंगाचा रिकामा गोठा. रस्त्याच्या फाट्यावर सात-आठ पत्रपेट्या ओळीने उभ्या, आणि ज्यांची पत्रं त्यांत येत असतील ती घरं कुठेच दिसत नव्हती. एवढं पाणी आणि एवढी कमी माणसं मी एका जागी कधी पाहिली नव्हती.

बसथांब्यावर तिकडच्या संघाच्या अध्यक्षीणबाई उभ्या होत्या. एकोणऐंशी वर्षांच्या, अंगात पुरुषी जाकीट, पायात गमबूट. जन्मभर गावच्या शाळेत इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे मी त्यांना मनातल्या मनात लगेच बाई म्हणायला लागले. आधीच्या अकरा वर्षांत आमचा पत्रव्यवहार पुष्कळ झाला होता, भेट पहिलीच. मी मिठी मारायला हात पसरले, त्यांनी हस्तांदोलनाला हात पुढे केला, आणि मधल्या मध्ये माझा हात त्यांच्या कोपराला लागला.

"आलीस," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

स्वागत संपलं. गाडीत बसलो.

बाईंचं घर गावाबाहेर, तळ्याच्या काठी. नवरा गेल्यावर गायी विकल्या, जमीन शेजाऱ्याला कसायला दिली, एकट्याच राहतात. त्यांनी जेवायला साल्मनचं दुधातलं सूप केलं होतं. वरून भरपूर शेपू. एवढ्या लांब येऊन शेपूचा वास यावा याचं मला हसू आलं. पहिली वाटी मी पाच मिनिटांत संपवली. सकाळपासून पोटात कावळे ओरडत होते.

"आणखी?" बाईंनी विचारलं.

"नको, नको. पुरे," मी म्हटलं.

बाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं, पातेलं उचललं आणि फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं.

मी बघतच राहिले. आपल्याकडे पहिलं "नको" म्हणजे नुसती सुरुवात असते. यजमानीण म्हणते "असं कसं", आपण वाटीवर हात आडवा धरतो, ती बोटांच्या फटीतून वाढते, आपण रागावल्यासारखं करतो आणि सगळ्यांचं पोट भरतं. आग्रह झाला नाही तर माणूस उपाशी उठतो आणि दहा वर्षं ते लक्षात ठेवतो. इथे एकोणऐंशी वर्षांच्या बाईंनी माझा एक शब्द ऐकला आणि तो खरा मानला. खोलीत जाऊन मी त्यांच्या संघासाठी भेट म्हणून आणलेला चिवडा फोडला आणि निम्मा खाल्ला. दुसऱ्या दिवशी अर्धं पाकीट हातात देताना काय सांगावं ते कळेना, म्हणून जे झालं तेच सांगितलं.

बाईंनी थोडा विचार केला. "भूक होती तर नाही का म्हणालीस?"

याला मराठीत उत्तर आहे, पण ते इंग्रजीत आणायला मला जमलं नाही. त्यानंतर मी पहिल्या विचारण्याला "हो" म्हणू लागले. आणि संध्याकाळी त्यांनी साउनाचं, वाफेच्या गरम खोलीत बसायचं, विचारलं तेव्हा मी एकदाच "नाही" म्हटलं. कपडे काढून कुणाबरोबर बसणं मला या जन्मात शक्य नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, तोंड वाकडं केलं नाही, एकट्या गेल्या आणि लालबुंद होऊन परत आल्या. तेव्हा मला त्या देशाची सोय कळली.

त्याच दिवशी सकाळी बाई म्हणाल्या होत्या, "आज सतरंज्या धुवायच्या आहेत. येतेस?"

गावात तळ्याच्या काठी नगरपालिकेने त्यासाठी जागा करून दिलेली आहे. वर छप्पर, लांब लाकडी टेबलं, पाण्याचे नळ, सतरंज्या पिळायला हाताने फिरवायचा रोलर आणि वाळत घालायला दांड्या. पूर्वी बायका तळ्यातच उतरून धूत. आता साबण पाण्यात जायला नको म्हणून काठावर धुतात. उन्हाळ्याचे तीन-चार आठवडे सगळं गाव तिथे येतं. सतरंज्या जुन्या कपड्यांच्या पट्ट्या कापून मागावर विणलेल्या. बाई एकेका पट्टीवर बोट ठेवून सांगत होत्या, हा नवऱ्याचा शर्ट, हे शाळेचे पडदे, हा माझा कोट, तो मला कधीच आवडला नाही.

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. माझ्या लहानपणी आई कन्हान नदीवर गोधड्या धुवायला न्यायची, त्यामुळे ओलं जड कापड कसं उचलायचं ते माझ्या हातांना माहीत होतं. मी ब्रश घेऊन भिडले. पाइनच्या साबणाचा तपकिरी फेस कोपरापर्यंत. शेजारच्या टेबलावरच्या दोघीतिघी थांबून बघायला लागल्या. त्यांतल्या एकीने बाईंना काहीतरी विचारलं. बाईंनी एका वाक्यात उत्तर दिलं. ती बाई माझ्याकडे बघून मान हलवून पुन्हा घासायला लागली.

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"ही कोण, असं विचारलं. मी सांगितलं, आपल्या इंग्लंडमधल्या गावची."

मी थांबले. पुढचा प्रश्न कुठला ते मला माहीत होतं. तो आला असणार, बाई सांगत नसणार.

"मग?"

"मग काय?"

"आणखी काही नाही विचारलं?"

बाईंनी ब्रश खाली ठेवला. "आणखी काय विचारायचं होतं?"

मला रडू आलं. साबणामुळे नाही. मी पाठ फिरवून रोलरचं हँडल फिरवायला गेले आणि ती सतरंजी गरजेपेक्षा दोनदा जास्त पिळली. आपल्या इंग्लंडमधल्या गावची. ज्या गावात मी एकतीसपैकी बावीस वर्षं राहते त्या गावात मला कुणी हे इतक्या सरळ म्हटलेलं नव्हतं, आणि जे गाव म्हणत होतं त्याला मी दोन दिवसांत टाटा करणार होते. पर्स बाईंच्या घरी खुर्चीवर होती. मला तिची लाज वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी आम्ही जंगलात गेलो, ब्लूबेरी तोडायला. झुडपं घोट्याएवढी, त्यामुळे सतत वाकावं लागतं. बाई माझ्या दुप्पट वेगाने तोडत होत्या.

"हे जंगल कुणाचं?" मी विचारलं.

"शेजाऱ्याचं."

"त्याला विचारलंत?"

"कशाला?"

मग त्यांनी सांगितलं की इथे जंगल कुणाचंही असो, बेरी तोडणाऱ्याच्या. तसा कायदाच आहे. कुणाच्या घराजवळ जायचं नाही, शेत तुडवायचं नाही, बाकी जो वाकेल त्याच्या. तू तोडलीस तर तुझ्या. मला हा कायदा फार आवडला. मी जोरात तोडायला लागले.

बाई न थांबता बोलत राहिल्या. शाळा चार वर्षांपूर्वी बंद झाली. दवाखाना गेला. आता जानेवारीत नगरपालिका चाळीस किलोमीटरवरच्या शहरात विलीन होणार होती. मतदान झालं, बाईंनी विरोधात मत दिलं, हरल्या. एक जानेवारीपासून गावाचं गाव म्हणून नाव संपणार. नकाशावर बारीक अक्षरांत राहील, पण रस्त्यावरच्या पाट्या बदलतील, कागदांवर शहराचं नाव येईल.

"वाईट वाटतं," मी म्हटलं. दुसरं सुचलं नाही.

"पण तुमच्या रस्त्यावर आहे," बाई म्हणाल्या. "मी पाहिलंय. पहिल्या वर्षी आले होते तेव्हा. तुमच्या पाटीवर आमचं नाव, पावसात. ते राहील."

त्यांनी विचारलं नव्हतं. त्या सांगत होत्या. मला तिथेच तोंड उघडायला हवं होतं. माझी बादली अर्धी भरलेली, पाय चिखलात, समोर एकोणऐंशी वर्षांची बाई कंबरेत वाकलेली, आणि मी "हं" म्हटलं. या "हं"ची मला आजही चीड येते.

संध्याकाळी तळ्यावरच्या लाकडी धक्क्यावर बसून मी ह्यांना फोन केला. सगळं सांगितलं.

"अगं, साइन कर आणि मोकळी हो," हे म्हणाले. "काउन्सिलने ऑलरेडी डिसाइड केलंय ना?"

"काउन्सिलने नाही हो. चेअरमननी. संघ राहिला तर काउन्सिलला पाटीचं काही घेणंदेणं नाही."

"तेच ते. किती वर्षं भाजणार या लष्कराच्या भाकऱ्या?"

"अकरा वर्षं भाजल्या. कुणी खाल्ल्या का ते आत्ता कळतंय."

ह्यांनी टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बघ बाई. नाही म्हणालीस ना, तर उद्यापासून सगळं तुझ्याच गळ्यात. चेअरमन हात वर करणार. मिनिट्स तू, मीटिंग तू, पाहुणे तू. नंतर मला सांगू नकोस, मी एकटी पडले म्हणून."

ते खोटं बोलत नव्हते. भूल देणारा माणूस, आधी सगळे धोके सांगतो. मी फोन ठेवला आणि पत्र काढून वाचलं. इंग्रजी इतकं गुळगुळीत की कुठे बोट ठेवू म्हटलं तर सरकतं. अनेक वर्षांच्या स्नेहाबद्दल कृतज्ञता, बदललेली परिस्थिती, जड अंतःकरण, अनौपचारिक मैत्री सदैव. गोड बोलून काटा काढायचा, आणि तोही माझ्या हातून. तो राग पहिल्यांदाच कार पार्कमध्ये पोहोचायच्या आधी आला.

बैठक दुसऱ्या दिवशी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. पाच माणसं होती: बाई, वाचनालयाच्या ताई, निवृत्त बसड्रायव्हर, एक शेतकरी आणि नगरपालिकेतला एक तरुण कारकून, ज्याची नोकरीही जानेवारीत शहरात जाणार होती. भिंतीवर आमच्या चर्चचा फोटो, चौकटीत. माझं घर त्या फोटोच्या जरा डावीकडे, चौकटीच्या बाहेर येतं. टेबलावर कॉफी आणि वेलदोडा घातलेला गोड पाव. सगळ्यांपुढे एकेक छापील कागद होता, पुढच्या वर्षीच्या भेटीचा कार्यक्रम. तो बाईंनी टाइप केलेला.

मी म्हटलं, आधी मला एक पत्र वाचायचं आहे. आणि वाचलं. सगळं, जड अंतःकरणासकट. वाचताना मला भीती वाटत होती. कसली, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आता सांगते: की हे लोक ऐकतील, मान हलवतील, आणि आजपासून मी पुन्हा कुठलीच नसेन.

कारकुनाने विचारलं, "म्हणजे संपलं?"

आपल्याकडे अशा वेळी कुणीतरी अरेरे म्हणतं, कुणी चहा ओततं, कुणी विषय बदलतं. इथे फक्त शांतता, आणि ती कुणाला अवघडही वाटत नव्हती. बाईंनी चष्मा काढून पुसला, पत्र स्वतःकडे ओढलं आणि शिक्षिकेच्या नजरेने खालपर्यंत तपासलं.

"इथे एक सही नाही," त्या म्हणाल्या.

"ती माझी आहे."

"करणार आहेस?"

एवढंच विचारलं. विनवणी नाही, आग्रह नाही, डोळ्यांत पाणी नाही. मला वाटतं त्यांनी थोडा जरी आग्रह केला असता तरी मी सवयीने "बघू, विचार करू" असं काहीतरी गुळमुळीत बोलले असते. पण त्यांना उत्तर हवं होतं, आणि जे उत्तर मिळेल ते त्या खरं मानणार होत्या.

"नाही," मी म्हटलं. "करणार नाही."

मग सगळं सांगितलं. की दोन सह्यांशिवाय तो नुसता कागद आहे. की मी सही करायलाच आले होते. की काल जंगलात मला सांगायला हवं होतं आणि मी भित्रेपणा केला. बाई ऐकत होत्या, मधूनमधून बाकीच्यांना फिनिशमध्ये सांगत होत्या. बसड्रायव्हरने पावाचा दुसरा तुकडा घेतला.

"पण मग तुमच्याकडे आता कोण आहे?" कारकुनाने विचारलं. "तुमच्या संघात?"

"मी."

"आणि?"

"सध्या मी."

त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी पत्राची घडी घालून ते माझ्याकडे सरकवलं, कार्यक्रमाचा छापील कागद पुढे घेतला आणि पेन्सिल उचलली.

"जून की ऑगस्ट?" त्यांनी मला विचारलं.

परत आल्यावर मी अध्यक्षांच्या घरी गेले आणि पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी रिकामी रेघ पाहिली. त्यांची मान हळूहळू लाल होत गेली.

"आपलं ठरलं होतं," ते म्हणाले.

"तुमचं ठरलं होतं. मी मान डोलावली, ती माझी चूक. सही केलेली नाही आणि करणार नाही."

"मला एक समजत नाही. याच्याशी तुमचा इतका काय संबंध? म्हणजे, हे आमच्या गावाचं," आणि ते थांबले.

मी थांबले नाही. "वाक्य पूर्ण करा."

त्यांनी केलं नाही. एकतीस वर्षांत मी पहिल्यांदा कुणाची पंचाईत सोडवायला पुढे झाले नाही. शेवटी ते म्हणाले, मग चालवा तुम्हीच. मी म्हटलं, चालवते. त्यांनी संघाच्या फायलींचा खोका काढला. जाताना तो गाडीपर्यंत त्यांनीच उचलून दिला आणि मगच दार लावून घेतलं, हेही सांगायला हवं.

माणसं गोळा करायला मला सहा आठवडे लागले. हे खजिनदार झाले, कुरकुरत. ऐकू न येणारे गृहस्थ राहिले, कारण बरखास्त होणार हेच त्यांना कळलेलं नव्हतं. सर्जरीतली माझ्यानंतरची रिसेप्शनिस्ट आली, पलीकडच्या गल्लीतला बेकरीवाला आला. गावात नव्याने राहायला आलेल्या, बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या दोन पुण्याच्या मुली आल्या.

"काकू, एक विचारू?" त्यांतली एक म्हणाली. "तिथे गेल्यावर साउना कंपल्सरी असतो का?"

"नाही. एकदा नाही म्हणायचं."

"बस, एवढंच? फोर्स नाही करत?"

"नाही. पण जेवताना सांभाळून."

काउन्सिलला मी पत्र लिहिलं: संघ चालू आहे, सभासदांची यादी सोबत, पाटीवरची ओळ ठेवावी. उत्तर आलं, नोंद घेतली आहे. मी पुन्हा लिहिलं, नोंद नको, ठेवणार की नाही ते कळवा. दोन आठवड्यांनी उत्तर आलं, ठेवू.

एक जानेवारीला सकाळी बाईंचा फोन आला. मी नाश्ता करत होते. त्यांनी नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या नाहीत.

"आज बंद झालं," त्या म्हणाल्या. "काल संध्याकाळी रस्ते खात्याच्या माणसांनी आमची पाटी काढून नेली. तुमची आहे का?"

"आहे."

"तू बघितलंस?"

"रोज बघते."

"आज बघितलंस?"

आज बघितलं नव्हतं. मी फोन तसाच कानाला धरून कोट चढवला आणि बाहेर पडले. हे मागून काहीतरी ओरडले. पाऊस बारीक पडत होता. चर्चवरून, पोस्टावरून, गावाच्या टोकापर्यंत दहा मिनिटं चालले. बाई फोनवरच होत्या, मी इकडे धापा टाकत होते. पाटीखाली पोहोचले. रस्त्यावरून जाणाऱ्या एका गाडीने माझ्या पायांवर पाणी उडवलं.

"पोहोचले," मी म्हटलं. "आहे."

"वाच."

मी गावाचं नाव वाचलं. मोठ्याने.

"चुकलं," बाई म्हणाल्या. "पहिलं अक्षर लांब. दुसऱ्यावर जोर नाही. पुन्हा."

मी पुन्हा वाचलं. आणखी एक गाडी गेली, आतल्या माणसाने वळून पाहिलं, पाटीसमोर भिजत उभी राहून फोनवर ओरडणारी साडेपाच फुटांची बाई. बघू दे.

"पुन्हा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बदलला होता.

मी पुन्हा वाचलं. चौथ्यांदा बरोबर आलं.